उतरण्याची विद्या : डॉ. विष्णु माधव घाटगे

विमान उडते याचे नवल सर्वांना वाटते. ते उतरते याचे नवल वैमानिकाखेरीज फारसे कोणाला वाटत नाही. उड्डाणाच्या वेळी इंजिनाची सारी ताकद आपल्या बाजूने असते, पुढे मोकळे आकाश असते आणि वेग क्षणाक्षणाला वाढत असतो. उतरताना सारेच उलटे. इंजिन मंदावलेले, वेग घटत चाललेला आणि जमीन भराभर वर येत असलेली. अशा अवस्थेत शेवटच्या पंधरा-वीस फुटांत आणि चार-पाच सेकंदांत वैमानिकाचा हात जे करतो त्यावर विमानाचे आणि माणसाचे भवितव्य ठरते. म्हणूनच विमानविद्येच्या शाळेत विद्यार्थ्याला एकट्याने आकाशात सोडतात ते त्याला उडता येऊ लागले म्हणून नव्हे, तर उतरता येऊ लागले म्हणून.

स्वतंत्र भारतातील वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनी ही विद्या ज्या विमानांवर गिरवली, त्या विमानांचे कर्ते डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे. विमानशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव चांगले परिचित आहे. बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृहाला त्यांचे नाव दिलेले आहे आणि एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पारितोषिक देते. परंतु आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला हा माणूस आपल्याच मातीतला, हे बहुधा ठाऊक नसते. घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी झाला. गाव गडहिंग्लजजवळचे. बाजाराच्या दिवशी मराठी आणि कानडी दोन्ही भाषा जेथे एकाच पारावर ऐकू येतात, असा हा मुलूख. पुढे त्यांची सारी कर्तबगारी बहरली ती बंगळूरला. तेव्हा आपल्या या नियतकालिकाच्या मराठी विभागाने त्यांच्यावर जितका हक्क सांगावा, तितकाच कन्नड विभागानेही सांगावा.

मी या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. नोकरीनिमित्त भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात गेलो तो तेथलाच झालो. भोपाळ आणि विमान यांचे नाते तसे जुने. ज्याच्या नावाने तेथील विमानतळ आज ओळखला जातो त्या राजा भोजाच्या नावावर समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे आणि त्यात पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लाकडी यंत्राचे वर्णन आहे. ते बांधण्याची कृती मात्र त्यात दिलेली नाही. खरे विमान भोपाळच्या लोकांच्या परिचयाचे झाले ते १९३७ साली. टाटांची मुंबई-दिल्ली विमानसेवा त्या वर्षी सुरू झाली तेव्हा इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर हे तिचे वाटेतले थांबे होते. मी तेथे गेलो त्या काळात बैरागढच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांचे एक लहान, उंच पंखांचे, कापडी अंगाचे विमान सुटीच्या दिवशी घिरट्या घालीत असे. बैरागढचे नाव आता संत हिरदाराम नगर झाले आहे. विमानाचे नाव होते पुष्पक. पगारातून पैसे बाजूला टाकून मीही त्यावर शिकू लागलो. हे विमान कोणी बनवले याची चौकशी करता बंगळूरचे नाव निघाले आणि बंगळूरहून धागा मागे मागे नेता तो थेट गडहिंग्लजपर्यंत येऊन पोहोचला. माझ्या आजोळापासून काही मैलांवरच्या गावचा मुलगा हे विमान आखतो आणि मी ते दूर भोपाळात उडवतो, याची गंमत वाटली. आणि त्या दिवसापासून मी घाटग्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो.

मुंबई विद्यापीठातील शिक्षण पुरे करून तरुण घाटगे जर्मनीला गेटिंगेनला गेले. गेटिंगेन हे त्या काळी गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे काशीक्षेत्र मानले जाई. परंतु घाटग्यांच्या वाट्याला आलेला काळ सरळ नव्हता. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि मॅक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोएदर यांच्यासारख्या विद्वानांना त्या विद्यापीठातील आपल्या जागा सोडाव्या लागल्या. अशा दिवसांत घाटग्यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांचे नाव येथे नुसते गुरू म्हणून घेऊन चालणार नाही, कारण विमान उतरण्याच्या शास्त्राशी त्या नावाचा निकटचा संबंध आहे. पंखाच्या पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो हे त्यांनी १९०४ साली दाखवून दिले. पंख फार तिरपा झाला की हा थर पृष्ठभाग सोडून देतो आणि उचल एकदम कोसळते. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रांटल यांनी मर्यादित लांबीच्या पंखाचा सिद्धांत मांडला. पंखाखालची दाबयुक्त हवा टोकाकडून वर पळू पाहते, त्यातून पंखाच्या दोन्ही टोकांमागे भोवरे निर्माण होतात आणि त्या भोवऱ्यांची किंमत विमानाला अधिक अवरोधाच्या रूपाने मोजावी लागते, असे त्याचे सार आहे. त्यांच्याच गेटिंगेनच्या संस्थेत विझेल्सबर्गर यांनी १९२१ साली पुढचा हिशेब केला. पंख जमिनीजवळ आला की भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही आणि हा अवरोध झपाट्याने घटतो. पंखांचा एकूण विस्तार १० मीटर धरला तर १० मीटर उंचीवर ही घट दीड टक्क्याच्याही आत असते. अडीच मीटरवर ती सुमारे २३ टक्के होते आणि जमिनीपासून एका मीटरवर जवळजवळ निम्मा अवरोध नाहीसा होतो.

हे आकडे कोरडे वाटतील, परंतु प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला ते अंगावर अनुभवावे लागतात. विमान ठरल्या वेगाने खाली येत असते. धावपट्टी जवळ येते. आता टेकणार असे वाटते आणि विमान टेकतच नाही. ते गवतावरून पुढे पुढे तरंगत जाते. नवशिका घाबरतो आणि नाक खाली ढकलून विमानाला जबरदस्तीने जमिनीवर बसवू पाहतो. उतरण्याच्या विद्येतील पुष्कळशा अपघातांचे मूळ या एका ढकलण्यात आहे. जमिनीजवळ विमानाची घसरण थांबवून नाक हळूहळू वर घेण्याच्या क्रियेला फ्लेअर म्हणतात. तिची रीत अशी, की विमानाला टेकवावयाचेच नाही. उलट ते जमिनीपासून हातभर उंचीवर जितका वेळ राहील तितका वेळ राखावयाचे. वेग घटत जातो तसतसा दांडा आणखी थोडा, आणखी थोडा मागे घ्यावयाचा. शेवटी दांड्याची वाट संपते, पंखाची उचलही संपते आणि विमान आपण होऊन जमिनीवर बसते. नजर नाकासमोरच्या जमिनीवर न ठेवता धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवावी लागते, म्हणजे उंचीचा अंदाज डोळ्याच्या कडेने आपोआप येतो.

डॉक्टरेट मिळवून भारतात परतल्यावर घाटग्यांनी काही काळ अध्यापन केले. तेव्हा या देशात विमान आखण्याचा धंदाच अस्तित्वात नव्हता. तो आला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या धडाडीमुळे. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. मैसूर सरकारने जमीन दिली आणि भांडवलात भागही घेतला. घाटगे अगदी आरंभी तेथे रुजू झालेल्या भारतीयांपैकी एक होते. परंतु महायुद्ध दाराशी आले होते. १९४२ साली कंपनीचा ताबा सरकारकडे गेला आणि कारखाना दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. नवी विमाने आखण्याचे स्वप्न बाजूला पडले. त्या धामधुमीतही घाटग्यांनी दहा माणसांना वाहून नेणारे एक लाकडी ग्लायडर आखले. ग्लायडरला इंजिन नसते. त्यामुळे त्याच्या वैमानिकाला उतरण्याची संधी एकदाच मिळते, पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्याची सोय नसते. घाटग्यांच्या आखणीच्या कामाची सुरुवात अशा विमानापासून व्हावी हे मला अर्थपूर्ण वाटते.

१९४२ सालीच बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटग्यांकडे आली. देशातील विमान अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणाचा पाया येथे घातला गेला. पुढे सतीश धवन याच विभागातून मोठे झाले आणि अवकाश संशोधनाच्या नेतृत्वापर्यंत पोहोचले. घाटगे मात्र युद्धानंतर पुन्हा कारखान्याकडे वळले, कारण आता खरोखरच विमान आखावयाचे होते.

येथे त्यांच्या चरित्रातील मुख्य प्रश्न उभा राहतो. नुकताच स्वतंत्र झालेला देश आपले पहिले विमान आखतो, तेव्हा ते कोणते असावे? मोठ्या वेगाचे लढाऊ विमान आखण्याचा मोह कोणालाही पडला असता. प्रत्यक्षात निवड झाली ती शिकाऊ मुलाच्या विमानाची. एचटी-२ असे त्याचे नाव. एकामागे एक दोन जागा, धातूचे अंग, खाली बसवलेला पंख आणि १५५ अश्वशक्तीचे इंजिन. ऑगस्ट १९५१ मध्ये जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. त्यापूर्वी आपली मुले टायगर मॉथ या कापडी, दुपंखी इंग्रजी विमानावर शिकत. आता धुळाक्षरे गिरवण्याची पाटी स्वदेशी झाली. अशी सुमारे १७० विमाने बंगळूरला तयार झाली, हवाई दलात ती तीस वर्षांहून अधिक काळ राबली आणि घाना देशाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा त्यालाही दिली गेली.

शिकाऊ विमान आखणे सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. लढाऊ विमान निष्णात माणसाच्या हाती जाते. शिकाऊ विमान रोज नव्या चुका करणाऱ्या हातांत जाते. त्याने चूक झाली तर ती लपवता कामा नये, नाहीतर मुलगा शिकणार नाही. आणि चुकीबद्दल प्राणही घेता कामा नये, नाहीतर शिकायला मुलगाच उरणार नाही. या दोन मागण्यांच्या मधली अरुंद वाट आखणाऱ्याने शोधावयाची असते. चांगल्या शिक्षकाकडे जो गुण असतो तोच येथे धातूत आणि रिव्हेटांत उतरवावा लागतो. घाटगे स्वतः शिक्षक होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

एचटी-२ आणि नंतरचे पुष्पक ही दोन्ही विमाने शेपटचाकी होती. म्हणजे दोन मोठी चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली. पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. ९० अश्वशक्तीचे इंजिन आणि शेजारी-शेजारी दोन जागा असलेले हे विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांना पुरवले गेले. शेपटचाकी विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. परिणामी वेग शिल्लक असताना पुढची चाके आपटली तर शेपूट खाली जाते, पंख अधिक तिरपा होतो, उचल वाढते आणि विमान उडी मारून पुन्हा हवेत जाते. धावताना विमान थोडे जरी वाकडे झाले तरी मागचे वजन पुढे येऊ पाहते आणि विमान गर्रकन फिरते. म्हणून येथे तिन्ही चाके एकाच वेळी टेकतील अशा बेताने, पंखाची उचल संपतासंपता उतरावे लागते. बैरागढच्या धावपट्टीवर आम्ही हे शेकडो वेळा केले. पुष्पकात शिकणारा डाव्या बाजूला बसतो, त्यामुळे विमानाच्या नाकाचा मध्य त्याच्या डोळ्यांसमोर नसतो, किंचित उजवीकडे असतो. नवा विद्यार्थी नाक आपल्या समोर आणू पाहतो आणि विमान तिरके टेकवतो. आमचे प्रशिक्षक नाकाकडे पाहूच देत नसत. काचेवर आपल्या डोळ्यासमोर येणारा एक ठिपका मनाशी धरावयाचा आणि तो धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवावयाचा, ही त्यांची शिकवण. पुष्पक चूक झाली की उडी मारून दाखवी; परंतु ती उडी लहान असे आणि इंजिन वाढवून पुन्हा वर जायला पुरेसा अवधी मिळे.

यानंतर घाटग्यांच्या हातून जेट विमान झाले ते किरण. १९६१ च्या सुमारास आखणीला हात घातला गेला आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतील अशी यातही रचना होती. परंतु चाकांची मांडणी उलट होती. शेपटीचे चाक गेले आणि नाकाखाली चाक आले. हवाई दलातील कित्येक तरुणांनी एचटी-२ वर शेपटचाकी आणि किरणवर नाकचाकी असे दोन्ही धडे घेतले, आणि हे दोन्ही धडे एकाच माणसाच्या मार्गदर्शनाखाली आखले गेले होते. याच किरणवर १९९६ साली सूर्यकिरण हे कवायती पथक उभे राहिले. घाटग्यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली.

नाकचाकी विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या पुढे असतो. मागची चाके टेकली की नाक आपोआप खाली झुकते, पंखाची उचल घटते आणि विमान जमिनीला चिकटून राहते. धावताना ते वाकडे झाले तर स्वतःच सरळ होऊ पाहते. इतके उपकार पाहून अनेकांना वाटते की आता फ्लेअरचा काटेकोरपणा नको, विमान कसेही बसवले तरी चालेल. येथेच धोका आहे. नाकाखालचे चाक हे जमिनीवर चालण्यासाठी दिलेले असते, जमिनीवर आदळण्यासाठी नव्हे. वेग जास्त असताना नाक खाली ढकलले तर तेच चाक आधी टेकते, नाक वर फेकले जाते, पुन्हा आपटते आणि प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होत जाते. वैमानिक दांड्याने त्या उड्यांचा पाठलाग करू लागला की त्याचा हात नेमका उलट्या वेळी पडतो. दोन-तीन उड्यांत नाकाचा पाय मोडतो आणि पंखा जमिनीला लागतो. यावर उपाय एकच. पहिली उडी झाली की इंजिन वाढवावे, नाक स्थिर धरावे, पुन्हा वर जावे आणि नव्याने उतरावे.

हौशी लोकांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या लहान विमानांत हा धडा अधिकच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे अशा विमानांची दरवर्षी मोठी जत्रा भरते. आपल्याकडे मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली. मध्यंतरी भोपाळला अभियांत्रिकीची काही मुले अशा घरबांधणीच्या विमानाची स्वप्ने घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा त्यांना मी सांगितले ते असे. लहान विमानाचे वजन थोडे, त्यामुळे त्यात साठलेली गतीही थोडी. विमान उघड्या अंगाचे, तारा-खांबांचे असेल तर इंजिन मंद करताच वेग क्षणात गळून पडतो. तेथे फ्लेअर जमिनीच्या अगदी जवळ आणि चटकन करावा लागतो. विमान गुळगुळीत आणि सडसडीत असेल तर ते संपता संपत नाही, तरंगतच राहते. तेथे आधीपासूनच वेग नेमका ठेवावा लागतो. म्हणून दुसऱ्याच्या विमानावरचा अंदाज आपल्या विमानाला लावू नये. पहिल्यांदा पुरेशा उंचीवर जाऊन आपले विमान किती वेगाला स्टॉल होते ते पाहावे आणि त्याच्या सुमारे १.३ पट वेगाने खाली यावे. त्यात सुरक्षिततेसाठी म्हणून दहा टक्के भर घातली तर जिरवावयाची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. मागची दोन चाके टेकल्यावरही दांडा सोडू नये; तो मागेच धरून ठेवावा, म्हणजे नाकाचे चाक वेग घटल्यावर अलगद खाली येईल. बांधणाऱ्याने नाकाचा पाय मजबूत करावा हे खरे, परंतु त्या पायाला काम पडू न देणे हे उडवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

डॉ. घाटगे १९९१ साली गेले. एचटी-२ ची जागा घेणारे एचपीटी-३२ हे नाकचाकी विमान हिंदुस्तान एरोनॉटिक्सनेच केले होते. परंतु इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी आणि अपघात यांमुळे २००९ साली ते जमिनीवर ठेवावे लागले. त्यानंतर २०१३ मध्ये आपल्या हवाई दलाने प्राथमिक शिक्षणासाठी स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने घेतली. ज्या देशाने १९५१ साली आपल्या मुलांसाठी पाटी स्वतः घडवली, त्याच देशाला साठ वर्षांनी ती परक्या बाजारातून आणावी लागली, ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही. मधल्या काळात लढाऊ विमाने आणि अग्निबाण यांच्याकडे सर्वांचे डोळे लागले होते आणि शिकाऊ विमान हे दुय्यम काम ठरले होते, असे मला वाटते. सुदैवाने बंगळूरच्या अभियंत्यांनी हार मानली नाही. त्यांचे एचटीटी-४० हे नवे शिकाऊ विमान ३१ मे २०१६ रोजी उडाले आणि मार्च २०२३ मध्ये अशा ७० विमानांचा करार झाला.

विद्यार्थी मित्रहो, घाटग्यांच्या चरित्रात रोमांचकारी प्रसंग फार नाहीत. ते स्वतः विक्रमी वैमानिक म्हणून प्रसिद्ध नव्हते आणि त्यांच्या विमानांनी वेगाचे उच्चांक मोडले नाहीत. गेटिंगेनसारख्या विद्यापीठातली सर्वश्रेष्ठ विद्या घेऊन आलेल्या माणसाने ती कोणासाठी वापरली, हा त्यांच्या चरित्रातला घेण्यासारखा धडा आहे. ज्याला अजून काहीच येत नाही, ज्याचा हात थरथरतो, ज्याला उंचीचा अंदाज नाही, अशा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला सुखरूप जमिनीवर आणणारे यंत्र त्यांनी बनवले. महाविद्यालयाच्या वर्गात नव्या विद्यार्थ्याला पहिले प्रमेय शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे आणि घाटग्यांचे काम एकाच जातीचे आहे. आपल्यापैकी जे अभियांत्रिकीकडे वळतील त्यांनी उंच उडणाऱ्या यंत्रांची स्वप्ने जरूर पाहावीत; परंतु आखणीचा कागद पुढे ओढताना ते यंत्र उतरेल कसे आणि ते कोणाच्या हाती जाणार आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत.